मदत हवी आहे: लग्नात ग्रूम्समनना द्यायला खिशातला पारंपरिक चाकू कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरमध्ये माझं लग्न आहे. मी पिट्सबर्गला असतो आणि होणारी बायको पश्चिम पेनसिल्व्हेनियातलीच. तिच्या घराण्यात नवरदेव लग्नविधीत आपल्या बाजूने उभ्या राहणाऱ्या मित्र-नातलगांना, म्हणजे ग्रूम्समनना, खिशातला चाकू देतो. सासऱ्यांच्या खिशात आजही त्यांच्या थोरल्या भावाच्या लग्नात मिळालेला केस या अमेरिकन चाकू कंपनीचा ट्रॅपर (दोन लांब पात्यांचा घडीचा चाकू) असतो. धार लावून लावून पाती अर्धी झिजली आहे, पण चाकू रोजच्या वापरात आहे. मलाही तसंच काहीतरी द्यायचं आहे, ड्रॉवरमध्ये पडून राहणारं नको.

आईला हे पटायला वेळ लागला. चाकू भेट दिला की नातं तुटतं, असं ती म्हणते. शिवाय चाकू म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर रामपुरी येतो. मी तिला आठवण करून दिली की हळद लागल्यावर आमच्याकडेही नवरदेवाच्या हातात लिंबू टोचलेली कट्यार असतेच. सासऱ्यांनीही त्यांच्याकडचा उपाय सांगितला: चाकूसोबत एक पेनी द्यायची, घेणाऱ्याने ती लगेच परत करायची, म्हणजे चाकू भेट न राहता विकत घेतलेला होतो. ते ऐकून आई तयार झाली.

आता खरी अडचण. पाच जण आहेत: बायकोचा भाऊ, ऑफिसातले दोघे, कॉलेजचा मित्र जो आता लंडनला असतो, आणि सांगलीहून येणारा माझा मावसभाऊ.

१. केसचे बहुतेक सुंदर चाकू जिग्ड बोनच्या, म्हणजे खाचा पाडलेल्या हाडाच्या मुठीचे आहेत. ते हाड गुरांच्या नडगीचं असतं. मावसभाऊ माळकरी आहे. मी दिलं तर तो नाही म्हणणार नाही, पण त्याच्या खिशात ते जाणं मलाच बरं वाटत नाही. हाडाशिवाय चांगल्या मुठी कोणत्या?

२. पाती कार्बन पोलादाची घ्यावी की स्टेनलेस?

३. लॉक असलेला घ्यावा का? ऑफिसातला एक जण बक ११० सुचवतोय, म्हणजे बक कंपनीचा, उघडल्यावर पाती लॉक होणारा घडीचा चाकू. १९६४ पासूनचा तो चाकू मलाही आवडतो.

एकेकी शंभर डॉलरपर्यंत खर्च करू शकतो. पाचही जणांना एकच मॉडेल द्यायची इच्छा आहे.

प्रतिसाद १

मी लंडनला राहतो, म्हणून आधी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. बक ११० नको. इथे कारण न देता जवळ बाळगता येतो तो फक्त घडीचा, लॉक नसलेला आणि ३ इंचांपर्यंत धार असलेला चाकू. पाती उघडून पक्की बसली, की तो चाकू या सवलतीतून बाहेर जातो, मग पाती कितीही लहान असो. तुमच्या मित्राला लॉकवाला दिलात तर तो बिचारा सबळ कारणाशिवाय घराबाहेर नेऊच शकणार नाही. सासऱ्यांचा पूर्ण आकाराचा ट्रॅपरही इथे लांब पडेल. त्यामुळे स्लिपजॉइंटच घ्या, म्हणजे ज्याची पाती नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर उभी राहते तो, आणि मध्यम आकाराचा.

प्रतिसाद २

अभिनंदन! मी ओहायोत असतो आणि बरीच वर्षं हे चाकू जमवतो.

केसच्या चाकूंवरचा आकडा वाचायला शिका, निम्मे प्रश्न तिथेच सुटतील. पहिला अंक मुठीचा, दुसरा पात्यांचा, उरलेले मॉडेलचे. ६ म्हणजे बोन, ५ म्हणजे हरणाचं शिंग, ३ म्हणजे पिवळी सिंथेटिक मूठ. तुम्हाला हवा आहे तो ३३१८, म्हणजे पिवळ्या मुठीचा तीन पात्यांचा मीडियम स्टॉकमन. मिटल्यावर ३⅝ इंच भरतो आणि पाती त्याहून लहान, ३ इंचांच्या आतच असते, त्यामुळे लंडनचाही प्रश्न मिटतो. पिवळी मूठ ही काही स्वस्तातली तडजोड नाही. इथले शेतकरी पिढ्यानपिढ्या तीच वापरत आले आहेत, गवतात पडली तरी लगेच दिसते. तुमच्या सासऱ्यांना विचारा, ते खूश होतील. तीन पात्यांपैकी शीपफूट सरळ धारेची, दोरी किंवा खोकी कापायला उत्तम. बोथट टोकाची स्पे मुळात गुरांच्या खच्चीकरणासाठी होती. आज तिचं काम फळं सोलण्याचं.

शिंगाच्या मुठींच्या मोहात पडू नका. पूर्वी त्यासाठी आपल्याकडच्या सांबराची शिंगं यायची. भारताने निर्यात बंद केल्यापासून चांगलं शिंग दुर्मीळ आणि महाग झालं आहे. पेनसिल्व्हेनियातल्याच टाइटसव्हिलच्या ग्रेट ईस्टर्न कटलरी या चाकू कंपनीचं काम केसपेक्षा बारीक असतं, मला ते जास्त आवडतं. पण ते थोड्या थोड्या संख्येने बनतात आणि पटकन संपतात. एकसारखे पाच मिळवताना दमछाक होईल.

पोलादाबद्दल: केसवर सीव्ही लिहिलेलं असेल तर ते क्रोम व्हॅनेडियम, म्हणजे कार्बन जातीचं. धार सहज लागते, पण लिंबू-कांदा कापला की जुन्या विळीसारखी काळसर झाक येते. ती झाक चांगलीच, गंज मात्र वाईट. पुसून ठेवणाऱ्यासाठी सीव्ही, विसरणाऱ्यासाठी स्टेनलेस.

जमलं तर ऑनलाइन घेऊ नका, ब्रॅडफर्डला जा. केसचा कारखाना १९०५ पासून तिथे आहे आणि झिपो (लायटरवाले) आणि केसचं म्युझियम व दुकानही. प्रत्येक चाकू उघडून बघा. मिटलेल्या पात्या मुठीत मधोमध बसतात का, एकमेकींना घासतात का, स्प्रिंग आणि मूठ यांच्यात फट दिसते का, नखाच्या खाचेत नख धरून पाती सहज उघडते का. एकाच मॉडेलच्या दोन चाकूंतही फरक सापडतो.

प्रतिसाद ३

एक व्यवहाराची गोष्ट. चाकू रिहर्सल डिनरच्या (लग्नाच्या आदल्या दिवशीच्या जेवणाच्या) रात्री द्या आणि तेव्हाच सगळ्यांना सांगा की परत जाताना तो चेक-इन बॅगेतच ठेवायचा. लग्नाच्या सकाळी दिलात तर तो कोटाच्या खिशात राहणार आणि विमानतळावरच्या तपासणीत जाणार. सांगलीत बाळगायला अडचण नाही, आपल्याकडे परवाना लागतो तो ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याला. तरी मेट्रोत, मॉलमध्ये जाताना घरीच ठेवायला सांगा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी बोललो, आणि ३३१८ वर शिक्कामोर्तब झालं. सासऱ्यांनी पिवळी मूठ म्हणताच लगेच होकार दिला, त्यांच्या वडिलांकडे तीच होती. पाचही जणांना एकच चाकू, सगळे सीव्ही. मावसभाऊ पावसाळ्यात गंजू देईल अशी भीती होती, पण शेतातला कोयता तो तेल लावून ठेवतो, तेव्हा हाही सांभाळेल. सोबत मिनरल ऑइलची लहान बाटली देणार आहे. येत्या शनिवारी सासऱ्यांना घेऊन ब्रॅडफर्डला जातोय.

एवढंच राहिलं: मुठीच्या टोकाला जी निकेल-सिल्व्हरची टोपी असते, तिच्यावर प्रत्येकाचं नाव कोरून घ्यायचं आहे, आणि मावसभावाचं व लंडनच्या मित्राचं देवनागरीत. पात्यावर नको, तिथे काळसर झाक आली की अक्षरं बुजतील. पिट्सबर्ग किंवा क्लीव्हलंडच्या बाजूला जोडाक्षरं नीट कोरणारं कोणी माहीत असेल तर कृपया कळवा.