अनुभव धागा: डेस्कटॉप मध्येच बंद पडणे, आपोआप रीस्टार्ट होणे

काम चालू असताना मशीन अचानक बंद होतं, स्वतःहून पुन्हा सुरू होतं, कधी निळा स्क्रीन दिसतो, कधी तोही नाही. या तक्रारीवर ‘फॉरमॅट मारून बघा’ हा सल्ला फार सहज दिला जातो. विंडोज नवं टाकून होतं आणि दोष एसएमपीएसमध्ये (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यात) तसाच राहतो. दुरुस्ती, असेंब्ली किंवा ऑफिसातली मशीन सांभाळण्याचं काम करणाऱ्यांनी इथे जरूर लिहावं. लक्षण नेमकं सांगा, काय तपासलं ते सांगा, आणि कोणत्या आकड्याला भाग बदलायचा तेही सांगा. ‘आमच्याकडेही असंच व्हायचं’ एवढ्याने पुढच्या माणसाचं मशीन दुरुस्त होत नाही.

सिस्टिम ॲडमिन, पुणे

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजमधलं नोंदी दाखवणारं टूल) उघडा. ‘विंडोज लॉग्ज’मध्ये ‘सिस्टिम’, आणि तिथे ‘कर्नल-पॉवर, इव्हेंट ४१’ शोधा. ही नोंद पाहून पुष्कळ जण थेट नवा एसएमपीएस आणतात. ४१चा अर्थ इतकाच, की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. खरी माहिती ‘डिटेल्स’ टॅबमधल्या ‘बगचेक कोड’ या ओळीत असते.

तिथे शून्य असेल तर बहुधा विंडोजला काही लिहायला वेळच मिळालेला नसतो. मग वीज, एसएमपीएस, मदरबोर्ड, उष्णता किंवा रीसेटचं बटण यांच्याकडे बघायचं. मात्र शेजारचा ‘पॉवर बटन टाइमस्टॅम्प’ शून्य नसेल, तर हँग झालेलं मशीन कुणीतरी बटण दाबून धरून बंद केलेलं आहे. तो वेगळा आजार.

बगचेक कोड शून्य नसेल तर तो आकडा दशमान पद्धतीत असतो आणि निळ्या स्क्रीनचे कोड हेक्समध्ये (१६ वर आधारलेल्या अंकपद्धतीत). कॅल्क्युलेटर ‘प्रोग्रॅमर’ मोडवर घेतला की रूपांतर होतं. २९२ म्हणजे हेक्स १२४: हार्डवेअरची चूक प्रोसेसरने स्वतः कळवली. २६ म्हणजे १ए, इथे रॅम पहिली संशयित. २७८ म्हणजे ११६, ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा कार्ड. २०९ म्हणजे डी१, बहुतेक वेळा ड्रायव्हर. १२२ म्हणजे ७ए, पेजफाइल (रॅमच्या जोडीला विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाइल) डिस्कवरून वाचता आली नाही. साटा केबल आणि एसएसडी बघा.

कोड वाचायला मिळावा म्हणून ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’मध्ये जाऊन ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढा आणि ‘स्मॉल मेमरी डंप’ (बंद पडतानाच्या मेमरीची छोटी नोंद) निवडा. पेजफाइल सी ड्राइव्हवर असू द्या, नाहीतर डंप लिहिला जात नाही. डंप ‘मिनीडंप’ फोल्डरमध्ये सापडतात, ते मायक्रोसॉफ्टच्या विनडीबीजी या टूलमध्ये उघडा. एकाच डंपवर निकाल देऊ नका. प्रत्येक डंपमध्ये तोच ड्रायव्हर दिसला तर तो ड्रायव्हर. दर वेळी वेगळंच नाव आलं तर रॅम पहिली संशयित.

संगणक दुरुस्ती, नाशिक

बगचेक शून्य असलेल्या मशीनबद्दल लिहितो, कारण आपल्याकडे दुकानात येणारी बरीच मशीन याच जातीची असतात. सुरुवात भिंतीवरच्या सॉकेटपासून करा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून फेज-न्यूट्रल मोजा, २३०च्या आसपास हवं. मग फेज-अर्थ, तेही जवळपास तेवढंच. मग न्यूट्रल-अर्थ: २-३ व्होल्टपर्यंत ठीक. त्याहून बरंच जास्त असेल, किंवा कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. अर्थिंग नसलेल्या पॉइंटवर भाग बदलत बसणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

त्यानंतर यूपीएस. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉटचाच असतो, हे खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ग्राफिक्स कार्ड असलेलं मशीन त्यावर नेमकं लाइट जाण्याच्या क्षणी बंद पडतं. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी साधारण २-३ वर्षांत उतरते. दिवा हिरवा दिसतो, पण लोड येताच ती बसते. घरच्या इन्व्हर्टरवर डेस्कटॉप चालत असेल तर मागचा स्विच बघा. तो ‘यूपीएस’ मोडवर हवा. दुसऱ्या मोडमध्ये इन्व्हर्टर फार कमी व्होल्टेजपर्यंत थांबून राहतो आणि बदलायलाही जास्त वेळ घेतो. तेवढ्यात पंखा आणि ट्यूबचं काही बिघडत नाही, डेस्कटॉप मात्र रीस्टार्ट होतो. एसएमपीएस लाइट गेल्यावर पूर्ण लोडवर फार तर १५-२० मिलिसेकंद तग धरतो, स्वस्तातला त्याहून कमी.

आता एसएमपीएस. हिरवी तार काळीला जोडून पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, हा समज चुकीचा आहे. त्याने फक्त तो सुरू होतो एवढं कळतं. मशीन चालू असताना, जड लोड देऊन, साटाच्या किंवा जुन्या चार पिनी कनेक्टरच्या पिवळ्या-काळ्या तारेवर मोजा. १२ व्होल्टच्या लाइनला ५ टक्के सूट असते, म्हणजे ११.४० ते १२.६०. लाल तारेवर ४.७५ ते ५.२५. लोड देताच १२ची लाइन ११.५ कडे घसरत असेल तर, आकडा सुटीत बसत असला तरी, एसएमपीएस बदलाच. आकडा बरोबर आला म्हणून मात्र तो निर्दोष ठरत नाही, कारण क्षणभराचा झोल मल्टिमीटर दाखवत नाही. दुसरा खात्रीचा एसएमपीएस लावून बघणं हाच शेवटचा निकाल. आणि झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त साठलेलं असू शकतं.

गेमिंग पीसी असेंब्ली, मुंबई

नाशिककरांच्या मुद्द्याला जोडून. फक्त गेम खेळताना बंद पडत असेल तर ग्राफिक्स कार्डच्या वीजजोडणीकडे बघा. ८ पिनी कनेक्टर १५० वॉटसाठी असतो, ६ पिनी ७५ वॉटसाठी, स्लॉटमधून आणखी ७५ मिळतात. कार्डला दोन ८ पिनी लागत असतील तर एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबल आणा. एकाच केबलला फुटलेली दोन टोकं लावू नका. मोठी कार्डं काही मिलिसेकंदांसाठी सरासरीच्या बरीच वर वीज ओढतात आणि एसएमपीएसचं संरक्षण त्यालाच शॉर्ट समजून लाइन तोडतं.

याची फुकटातली चाचणी: एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये (कार्डची सेटिंग बदलायच्या टूलमध्ये) पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम चालवा. बंद पडणं थांबलं तर दोष एसएमपीएस, केबल किंवा कार्डच्या पॉवर भागात. थांबलं नाही आणि लॉगमध्ये इव्हेंट ४१०१ (ग्राफिक्स ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवल्याची नोंद) दिसत असेल, तर सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर पुसून काढणाऱ्या टूलने) जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाका.

सर्व्हर देखभाल, ठाणे

रॅम तपासायला विंडोजमधलं टूल पुरेसं नाही. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घ्या, त्यावरून बूट करा आणि चारही पास (तपासणीच्या फेऱ्या) पूर्ण होऊ द्या, रात्रभर लागली तरी. एक जरी एरर आली तरी नापास. ‘एकच तर आहे’ असं रॅमच्या बाबतीत म्हणता येत नाही. एरर आली की पहिली पायरी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करणं. ३६०० किंवा ६००० हा वेग तांत्रिकदृष्ट्या ओव्हरक्लॉकच आहे, प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर तो पेलेलच असं नाही. मूळ वेगावर एरर गेली तर रॅम बहुधा ठीक आहे. गेली नाही तर एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून तपासा, मग चांगली ठरलेली स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये.

दोन स्टिक असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट. डीडीआर५च्या चार स्टिक भरल्या की वेग बराच खाली आणावा लागतो; ३२ जीबी हवं असेल तर १६च्या दोन घ्या. डीडीआर५ बदलल्यावर पहिल्या बूटला काही मिनिटं काळा स्क्रीन राहू शकतो. ते मेमरी ट्रेनिंग असतं, म्हणजे बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून बटण दाबू नका.

खोडरबराने रॅम घासण्याची पद्धत सोडून द्या. सोनेरी मुलामा जातो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड पुरतं. कोकणात, गोव्यात पावसाळ्यानंतर रॅम काढून, पुसून पुन्हा घट्ट बसवल्याने बंद मशीन सुरू होतात. दमट हवेत स्लॉटमध्ये मळ बसतो, तो घर्षणाने निघतो.

दुरुस्ती, नागपूर

मे महिन्यात इथे एसी नसलेल्या खोलीत तापमान ४० अंशांवर जातं, तेव्हा हिशेब साधा: कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा ५० अंश वर रोखत असेल तर हिवाळ्यात ७५, उन्हाळ्यात ९०. एचडब्ल्यू इन्फो (तापमान, व्होल्टेज दाखवणारं टूल) चालू ठेवून लॉग फाइल लिहू द्या, बंद पडण्याआधीची शेवटची ओळ वाचा.

एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. आजचा प्रोसेसर तापला की आधी वेग कमी करतो. अगदीच टोक गाठलं तर मशीन बंद होतं आणि बहुधा बंदच राहतं. त्यामुळे आपोआप रीस्टार्ट होणाऱ्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि कूलरमधली नुसती पेस्ट बदलून क्वचितच भागतं. मदरबोर्डचा व्हीआरएम (प्रोसेसरला वीज देणारा भाग) आणि एसएमपीएस यांना हवा मिळते का ते बघा. इंटेलच्या जुन्या कूलरच्या चार प्लॅस्टिक खिळ्यांपैकी एखादा सुटलेला असतो, तो बोर्डाच्या मागून तपासा, पुढून दिसत नाही. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरा.

१३व्या-१४व्या पिढीच्या इंटेलबद्दल

कुणी अजून लिहिलं नाही म्हणून. या दोन पिढ्यांच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येते हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं. ऑगस्टमध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी आला. तो बायोस अपडेटमधून मिळतो. लक्षणं फसवी असतात: कार्ड चांगलं असूनही गेम ‘व्हिडिओ मेमरी संपली’ म्हणतो, मोठ्या झिप फाइल उघडताना चूक येते. बायोस अपडेटने पुढची हानी टळते, झालेली भरून येत नाही. अशा चिपची वॉरंटी इंटेलने ३ वर्षांवरून ५ केली आहे, तेव्हा बिल शोधा.

रायझनवाले (एएमडीचा प्रोसेसर)

काहीच करत नसताना, मशीन नुसतं पडून असताना रीस्टार्ट होत असेल तर बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ शोधून ‘टिपिकल करंट आयडल’ करा. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या सेटिंगमध्ये) उणे आकडे भरले असतील तर ते शून्यावर आणा. प्राइम९५ (प्रोसेसरवर ताण देणारी चाचणी) तासभर चाललं म्हणून ते आकडे सुरक्षित ठरत नाहीत, कारण हलक्या कामात एकच कोअर सर्वांत वरच्या वेगाला जातो आणि तिथे व्होल्टेज कमी पडतं. ‘व्हिया-लॉगर (WHEA-Logger), इव्हेंट १८’ या हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदीत दर वेळी तोच एपीआयसी आयडी (कोअर ओळखायचा क्रमांक) येत असेल तर तो कोअर कमकुवत.

प्रश्न, सोलापूर

ऑफिसात एका टेबलावरची तीन मशीन एकाच वेळी रीस्टार्ट होतात. लाइट गेलेली नसते. तिन्हींचे एसएमपीएस बदलावेत का?

संगणक दुरुस्ती, नाशिक

नाही ताई, एकही बदलू नका. तिन्ही एकाच क्षणी जात असतील तर दोष त्यांच्या सामाईक जागी आहे. त्या यूपीएसवर लेझर प्रिंटर आहे का ते बघा. त्याचा फ्यूजर तापताना काही सेकंद फार मोठा करंट ओढतो आणि यूपीएस ओव्हरलोडवर जातो. प्रिंटर थेट भिंतीवरच्या वेगळ्या पॉइंटवर लावा. प्रिंटर नसेल तर त्याच लाइनवर एसी किंवा पाण्याची मोटर आहे का पाहा, आणि त्या सर्किटच्या एमसीबीवरची तसंच सॉकेटमागची न्यूट्रलची जोडणी इलेक्ट्रिशियनकडून घट्ट करून घ्या. सैल न्यूट्रलच्या तारेचं इन्सुलेशन काळवंडलेलं दिसतं.