पाच जण आहात? मग तिकीट टू राइड

शनिवारी पाच जण, त्यात दोघं नवखे, तर कटान की तिकीट टू राइड, यातला कुठला बोर्डगेम खेळायचा, असं विचारलंयत. डोळे मिटून तिकीट टू राइड घ्या. मूळ कटान (१९९५) चौघांपुरताच, पाचव्यासाठी वेगळा जोडसंच विकत घ्यावा लागतो. तिकीट टू राइड (२००४) मुळातच दोन ते पाच जणांचा. प्रत्येकाला रेल्वेचे ४५ छोटे डबे. आपल्या पाळीला पत्ते उचला, ते देऊन दोन शहरांमधला मार्ग घ्या नाहीतर नवी तिकिटं (कुठली शहरं जोडायची ते सांगणारी) ओढा. झालं!

कटानात फासे रुसले की माल मिळत नाही, आणि नवखा माणूस 'मेंढी घे, वीट दे' अशी अदलाबदल करत ताटकळतो. आमच्या मेव्हण्यांनी फाशांवर सात पडल्यावर चोर (तो बसेल त्या जागेचा माल बंद) नेमका माझ्या गव्हाच्या जागेवर आणून बसवला होता, अजून जेवताना तो विषय निघतो. मुरलेले चौघं असाल तर मात्र कटानच. ती घासाघीस तिकीटमध्ये नाही.