.४४ मॅग्नमसाठी जड कास्ट बुलेट, २४० का ३०० ग्रेन? (रानडुकरांसाठी)

टेक्ससचा_पाटील:
नमस्कार मंडळी. ईस्ट टेक्ससमध्ये असतो. रुगर सुपर ब्लॅकहॉक आहे माझ्याकडे, .४४ मॅग्नम, साडेसात इंची नळी. आत्तापर्यंत २४० ग्रेन वजनाच्या, तांब्याच्या जॅकेटवाल्या हॉलो पॉइंटवर (नाकाला खळगा असलेली गोळी) भागत होतं, व्हाइटटेल हरणाला काही अडचण नाही, पण आता मित्राच्या रँचवर डुकरांवर जायचंय आणि तिथले नर चांगलेच दांडगे आहेत. (इकडे २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असली की रानडुकराला हंटिंग लायसन्स लागत नाही, म्हणून आधी कोणी ते विचारू नका.) रँचवरचे सगळे म्हणतात हार्ड कास्टच (साच्यात ओतलेली कडक शिशाची गोळी) घे, ३०० च्या खाली बघूच नको. दुकानात गेलो तर २४०, २६५, ३००, ३२०, वर हार्डनेसचे आकडे, गॅस चेकवाले (गोळीच्या बुडाला धातूची टोपी), बिनागॅस चेकवाले, डोकं चक्रावलं. शेवटी ३०० ग्रेनचा एक डबा उचलला, डब्यावर हार्डनेस २१ लिहिलंय. रिलोडिंग म्हणजे काडतुसं भरणं घरीच करतो. पण थोडे राऊंड मारले की नळीत शिसं धरतंय, सिलिंडरकडच्या टोकाला चकचकीत पापुद्रेच्या पापुद्रे. याहून कडक बुलेट घेऊ का? आणि ३०० खरंच लागते का का उगाच हात दुखवून घ्यायचे?

बिटररूटवाला:
पाटील, कडक बुलेटने हे जाणार नाही, उलट वाढेल. शिसं कुठे धरलंय ते आधी बघायचं. फोर्सिंग कोनपाशी म्हणजे नळीच्या सुरुवातीलाच धरत असेल तर बहुतेक वेळा बुलेट बारीक पडतेय, तिच्या कडेने गरम गॅस निसटतो आणि शिसं वितळवत पुढे नेतो. तोंडाकडच्या टोकाला धरलं असतं तर म्हटलं असतं ल्यूब (गोळीवरचं वंगण) कमी पडतंय. आता २१ हार्डनेसची बुलेट इतकी टणक की मागून दाब आला तरी फुगून फट बुजवत नाही, मऊ असती तर थोडी तरी फुगली असती. दुकानदार कडक बुलेट विकतात कारण ती डब्यात एकमेकांवर आपटून चेपत नाही, पोस्टाने पाठवायला बरी. तुझ्या रिव्हॉल्व्हरशी त्याचा काही संबंध नाही.

एक सोपी गोष्ट कर. गन रिकामी आहे ना दोनदा बघ, सिलिंडर बाहेर काढ, आणि पुढच्या बाजूने एकेका भोकात नुसती बुलेट सोड. बोटाने जरा दाबल्यावर गेली तर माप बरोबर. आपोआप सुळकन पडली तर बुलेट लहान आहे. सहाही भोकं बघ, सगळी सारखी असतीलच असं नाही. मग मऊ शिशाची गोळी नळीतून लाकडी दांड्याने ठोकून बाहेर काढ आणि मायक्रोमीटरने मोज, व्हर्नियरवर विसंबू नकोस. .४४ ची नळी साधारण .४२९ इंच असते पण रुगरचे थ्रोट (सिलिंडरच्या भोकांची पुढची तोंडं) कधीकधी .४३१ च्याही वर निघतात, आणि बाजारात सर्रास मिळते ती .४३० ची बुलेट. बुलेट थ्रोटच्या मापाची हवी आणि नळीपेक्षा किंचित मोठी, वजन न् हार्डनेस हे नंतरचे विषय.

कोल्हापूरकर_९:
मध्येच विचारतो, राग मानू नका. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यापासून शिकार बंद, डुक्कर ऊस नि भुईमूग लोळवून जातं तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही, त्यामुळे आम्ही नुसते वाचणारे. लायसन्सवर कानपूरचा .३२ रिव्हॉल्व्हर मिळाला तरी लोक पेढे वाटतात. पण हॉलो पॉइंट आत जाऊन फुलतो, मोठी जखम करतो असं ऐकलंय, मग हे लोक न फुलणारी साधी शिशाची गोळी का घेतात? उलट्या दिशेने चालल्यासारखं नाही का हे?

बिटररूटवाला:
रास्त प्रश्न आहे. रिव्हॉल्व्हरला रायफलसारखा वेग नसतो, हजार-बाराशे फूट सेकंदाला, एवढ्यावर हॉलो पॉइंट फुलला तर तिथेच अडकतो, नाही फुलला तर नुसतं भोक. हरणाला चालतं, फासळ्या पातळ. डुकराच्या नराच्या खांद्यावर मात्र कुर्च्यासारखी जाड ढाल असते, वर चिखल वाळलेला, खाली हाड. तिथे गोळी आरपार गेली पाहिजे, दोन भोकं पडली की रक्ताचा माग मिळतो, नाहीतर अंधारात झुडपात जखमी डुक्कर शोधत फिरा.

आणि साधी म्हणजे गोल नाकाची नव्हे हं, गोल नाकाची गोळी मांस बाजूला सारत निघून जाते, आत वळतेही. इकडे शेजारच्या आयडाहोचा बंदुकांवर लिहिणारा एल्मर कीथ, त्याने .४४ स्पेशलसाठी २५० ग्रेनची सेमी-वॅडकटर आखली ती सपाट नाकाची, आणि १९५५ च्या शेवटी स्मिथ अँड वेसनने .४४ मॅग्नम आणला त्यामागे त्याचाच लकडा होता. आता त्याहून रुंद नाकवाल्या मिळतात, डब्यावर डब्ल्यूएफएन लिहिलेलं असतं, सपाट भाग व्यासाच्या पाऊणपटीहून जास्त. ही गोळी फुलत नाही पण सरळ जाते आणि वाटेतलं चेपून फाडत जाते.

पाटील, वजनाचं म्हणशील तर .४४ मध्ये ३०० ची सेक्शनल डेन्सिटी (जाडीच्या मानाने वजन) साधारण .२३३ आणि २४० ची .१८६, म्हणजे फरक कागदावरचा नाही. पण हरीण आणि मध्यम डुकरांना २५०-२६५ ची सपाट नाकाची कास्ट पुरते, हातात ठेवायलाही बरी. एल्क (मोठं हरीण) किंवा डुकराचे मोठे नर असतील तर ३००. त्याच्या वर .४४ मध्ये जाण्यात मला काही अर्थ दिसत नाही, तेवढंच वेड असेल तर .४८० रुगर घे.

फ्रेस्नोकर:
कॅलिफोर्नियातले कोणी वाचत असाल तर आपल्याला यातलं काहीच चालत नाही. १ जुलै २०१९ पासून इथे शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद आहे, कॉन्डर गिधाडं मेलेल्या जनावरातलं शिसं खाऊन मरतात म्हणून. आम्ही तांब्याच्या बुलेट वापरतो, महाग आहेत आणि त्याच वजनाला लांब होतात. दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांनी पण नियम वाचा, काही ठिकाणी फुलणारी गोळीच सक्तीची आहे, तिथे हार्ड कास्ट घेऊन गेलात तर वॉर्डन विचारणार.

टेक्ससचा_पाटील:
दादा, मोजलं. पाच थ्रोट .४३१५, एक जरा .४३२ कडे. नळी .४२९५. आणि बुलेट डब्यावर .४३० लिहिलंय पण प्रत्यक्षात .४२९५ च. सगळी सुळकन पडतात. म्हणजे बुलेट नळीएवढी आणि थ्रोटपेक्षा बरीच बारीक, आणि मी हार्डनेस वाढवायला निघालो होतो. आता .४३२ साइझच्या मागवतोय. हार्डनेस किती सांगू? आणि अजून एक, ३०० वाली पंचवीस यार्डावर टार्गेटच्या बरीच वर लागतेय, चार्ज (दारूचं प्रमाण) कमी ठेवून सुद्धा.

बिटररूटवाला:
हार्डनेस १२ ते १५ ब्रिनेल सांग, पूर्ण जोराचे मारणार असशील तर गॅस चेकवाली, हजार-अकराशे फुटांवर राहणार असशील तर बिनागॅस चेकचीही चालते. लिनोटाइपसारखं फार कडक शिसं हाडावर आपटलं की तुटू शकतं, ते नको.

वर लागणं साहजिक आहे. जड गोळी नळीत जास्त वेळ राहते, तेवढ्यात झटक्याने नळी वर उचललेली असते. मागची साइट खाली घे.

दोन गोष्टी मात्र हलक्यात घेऊ नकोस. ३०० ची गोळी केसमध्ये जास्त खोल बसते, आतली जागा कमी होते, त्यामुळे २४० चा चार्ज तसाच टाकायचा नाही, त्याच वजनाच्या कास्ट बुलेटचा पुस्तकातला डेटा घे आणि खालून सुरू कर. आणि क्रिंप, म्हणजे केसचं तोंड गोळीवर दाबणं, घट्ट, खाचेतच. सिलिंडर भरून पाच मार, सहावं काढून लांबी मोज. आधीपेक्षा लांब झालं असेल तर गोळी झटक्याने पुढे सरकतेय, आणि तशी सरकून सिलिंडरबाहेर आली की सिलिंडर फिरतच नाही, नेमकं डुक्कर अंगावर येत असताना.

नागपुरी_नेमबाज:
पाटलाच्या पोस्टवरून आठवलं, .४५ कोल्टचा ब्लॅकहॉक असणाऱ्यांचं दुखणं नेमकं उलटं असतं. जुन्या बऱ्याच रुगरमध्ये थ्रोट .४५० च्या आसपास घट्ट असतात आणि नळी .४५१-.४५२, गोळी थ्रोटमध्येच पिळून बारीक होते न् नळीत सैल. तिथे मोठी बुलेट घेऊन उपयोग नाही, गनस्मिथकडून थ्रोट रीम करून (कोरून मोठे) घ्यावे लागतात. आणि पुस्तकात 'फक्त रुगरसाठी' असा वेगळा तक्ता असतो तो १८७३ च्या डिझाइनच्या कोल्टमध्ये भुलूनही वापरू नका.

टेक्ससचा_पाटील:
ऑर्डर टाकली. २६५ ची डब्ल्यूएफएन, .४३२, हार्डनेस १५, गॅस चेकसकट. ३०० चा डबा कोणाला .४२९ थ्रोटवाल्या गनसाठी हवा असेल तर निरोप टाका, निम्म्या किमतीत देतो, पोस्टेज तुमचं.