बेस गिटारच्या तारा आणि फ्रेटबोर्ड कसा साफ करायचा?

बेसप्रेमी_ठाणे: पावसाळ्यात घामाने तारा चिकट होतायत आणि आवाज पार बसलाय, रोझवूडचा फ्रेटबोर्डपण (बोटं दाबतो ती लाकडी पट्टी) कोरडा पडलाय. खोबरेल तेल लावलं तर चालेल का?

लो_बी: खोबरेल नको रे, लाकडात राहून खवट होतं. गिटारच्या दुकानात लेमन ऑइल मिळतं, ते मुळात मिनरल ऑइलच असतं, फडक्यावर दोन-चार थेंब घेऊन चोळ, पाच मिनिटांनी उरलेलं पुसून टाक, वर्षातून दोनदा बास. पण बोर्ड मेपलचा, लॅकर मारलेला असेल तर तेल अजिबात नको, ओलसर फडकं पुरे.

स्लॅपवाला: तारांसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल. तारा काढून नळीत रात्रभर बुडवून ठेव, वळ्यांमधला मळ सुटतो, मग पूर्ण वाळवून लाव, राउंडवाउंड (वरून गोल तार गुंडाळलेल्या) तारा परत खणखणीत वाजतात. बोर्डावर मात्र अल्कोहोल सांडू देऊ नकोस, लाकूड कोरडं पडतं. गंज चढला असेल तर सरळ नवीन घे.

बेसप्रेमी_ठाणे: डब्ल्यूडी-४०, तो गंजावर मारायचा स्प्रे, चालेल?

लो_बी: नको! आणि वाजवून झालं की प्रत्येक तार खालूनसुद्धा पुसायची, बोटांचा घाम तिथंच साठतो. प्रसिद्ध बेसवादक जेम्स जेमरसन फ्लॅटवाउंड (वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या) तारा तुटेपर्यंत बदलायचा नाही, त्याला तो दबका आवाजच हवा होता, तुला कुठला हवाय ते आधी ठरव.