डॉजर्सचा दुसरा कॅचर: डॉल्टन रशिंगला ठेवायचं की बदलायचं?

निळी टोपी:
आपल्या लॉस एंजेलिस डॉजर्सनी २०२५ ची वर्ल्ड सिरीज (अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका) जिंकली, तिचा गुलाल खाली बसला, आता कामाचं बोलू. २०२६ साठी रशिंगला राखीव कॅचर (पिचरचा चेंडू प्लेटमागे झेलणारा, क्रिकेटच्या कीपरसारखा) ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे कोणीतरी मुरलेला, पस्तिशीकडे झुकलेला, आठवड्यातून एक सामना मिळाला तरी कुरकुर न करणारा गडी आणा. रशिंगवर राग नाही. इतका चांगला बॅटर बाकावर गंजतोय, हे बघवत नाही. मे २०२५ मध्ये जुना राखीव कॅचर ऑस्टिन बार्न्सला नारळ देऊन रशिंगला वर आणलं, तेव्हा ओक्लाहोमा सिटीत, म्हणजे आपल्या खालच्या संघात, तो पिचर्सना धुऊन काढत होता. इकडे आल्यावर? ५३ सामने, सरासरी .२०४ (शंभर संधींत जेमतेम वीस हिट), होमरन ४. पहिला कॅचर विल स्मिथचा करार दहा वर्षांचा आहे, २०३३ पर्यंत. त्याच्या मागे चोवीस वर्षांच्या पोराला किती काळ बसवणार? रोज बॅटिंग करत वाढलेला मुलगा पाच दिवसांनी एकदा प्लेटवर उभा केला, तर .२०४ होणारच.

सकाळी_पावणेआठ:
साफ असहमत. तुम्ही ओहतानीला विसरलात. सिएटलचा कॅचर कॅल रॅली बघा, ६० होमरन मारले. कॅचिंगला सुट्टी असली की तो डीएच (फिल्डिंग न करता फक्त बॅटिंग करणारा) म्हणून खेळायचा, म्हणजे त्याची बॅट लाइनअपमध्येच राहायची. आपल्याकडे डीएचची जागा ओहतानीच्या नावावर लिहिलेली. स्मिथने विश्रांती घेतली की .२९६ची बॅट थेट बाकावर जाते. त्या दिवशी तुमचा मुरलेला गडी नवव्या क्रमांकावर येऊन तीन वेळा आऊट होणार. रशिंग डावखुरा आहे, ताकद आहे, आणि उजव्या हाताच्या पिचरसमोर स्मिथला बसवायला निमित्तही मिळतं.

टॉरन्सचा तात्या:
निळी टोपी यांच्याशी सहमत, पण मी एक पाऊल पुढे जाईन: विकून टाका. स्मिथच्या मागे अडकलेला तरुण कॅचर केबर्ट रुईझ २०२१ मध्ये वॉशिंग्टनला दिला, सोबत जोसाया ग्रे वगैरे, आणि बदल्यात शेरझर व ट्रे टर्नरसारखे तारे आले. दुसरा तरुण कॅचर डिएगो कार्टाया, त्याचं उलट उदाहरण घ्या. एके काळी त्याला हात लावू देत नव्हते, वाट बघत बसलो आणि शेवटी जानेवारी २०२५ मध्ये मिनेसोटाला जवळपास फुकटात दिला. भाव आहे तोवर सौदा करावा.

सकाळी_पावणेआठ:
तात्या, .२०४ वर भाव असतो होय? आत्ता विकणं म्हणजे पडत्या बाजारात विकणं. आणि सप्टेंबर आठवा. पिट्सबर्गमध्ये फाऊल टिप (बॅटला निसटता लागून मागे आलेला चेंडू) स्मिथच्या हातावर बसली, दोनच दिवसांनी बाल्टिमोरमध्ये रशिंगने स्वतःचाच फाऊल नडगीवर घेतला. दोन्ही कॅचर गेले! शर्यतीच्या ऐन दिवसांत.

निळी टोपी:
आणि मग काय झालं तेही सांगा ना. बेन रोर्टव्हेटला बोलावलं. दुसऱ्याच दिवशी आपला पिचर यामामोतोने नवव्या इनिंगमध्ये दोन आऊटपर्यंत एकही हिट दिला नाही. प्लेटमागे कोण होता? जुलैअखेर हंटर फेडुसिया देऊन टँपाकडून आणलेला तोच रोर्टव्हेट. (पुढे बाल्टिमोरच्या हॉलिडेने होमरन मारला आणि आपण तो सामना चक्क हरलो, तो विषय नको.) प्लेऑफच्या सुरुवातीलाही त्यानेच धुरा सांभाळली. याच प्रकारचा माणूस मी मागतोय. त्याला नोव्हेंबरमध्ये सिनसिनाटीने उचलला आणि आपण बघत बसलो.

किलबर्न:
बार्न्सला काढलं तेव्हाच मला पटलं नव्हतं. २०२० च्या वर्ल्ड सिरीजमधला शेवटचा स्ट्राइक त्याच्या ग्लव्हमध्ये आहे. त्याच सिरीजच्या तिसऱ्या सामन्यात स्क्वीझ बंटवर (चेंडू बॅटने हलकेच ढकलून तिसऱ्या बेसवरच्याला घरी आणणं) रन आणला आणि होमरनही मारला. आपला पिचर कर्शॉ तर त्याच्याशिवाय खेळायला नाखूश असायचा.

टॉरन्सचा तात्या:
कर्शॉ निवृत्त झाला, ताई. आणि बार्न्सची बॅट त्याच्याही आधी निवृत्त झाली होती. २०२३ मध्ये .१८०!

किलबर्न:
कॅचरला फक्त सरासरीनेच मोजणार असाल तर मग बोलणंच खुंटलं. पिचरची लय कधी बिघडली, बाहेर जाऊन कधी दोन शब्द बोलायचे, हे तुमच्या तक्त्यात कुठे दिसतं? सासाकीसारख्या बुजऱ्या तरुण पिचरला समोर जाणता माणूस हवा.

अंपायरचा_चष्मा:
एक मुद्दा सुटतोय. २०२६ पासून अंपायरच्या स्ट्राइक-बॉलच्या निर्णयाला आव्हान देता येणार. संघाला दोन संधी, बरोबर निघालं तर संधी शाबूत. हक्क फक्त बॅटर, पिचर आणि कॅचरला. टोपीवर टपली मारायची, डगआऊटकडे बघून विचारायचं नाही. चाचण्यांत पिचर्सपेक्षा कॅचर्सची आव्हानं जास्त वेळा बरोबर निघाली, म्हणजे हा भार प्लेटमागच्यावरच. फ्रेमिंगची (झेलताना ग्लव्ह सरकवून बॉलला स्ट्राइक भासवण्याची) जादू थोडी उतरेल, पण संपणार नाही: रोज शे-दीडशे चेंडूंपैकी आव्हान किती जणांना मिळणार? ज्याला स्ट्राइक झोनची खरी जाण आहे त्याचा फायदा. यावर रशिंग कसा उतरतो ते मार्चमध्ये कळेल. त्याआधी त्याला काढणं घाईचं.

गिरगाव_टू_ग्लेंडेल:
आमच्या चंदू पंडितची आठवण झाली. कीपर म्हणून किरण मोरे पक्का, पण १९८७ ची वर्ल्ड कप सेमीफायनल पंडित निव्वळ बॅटर म्हणून खेळला, वानखेडेवर. रशिंग फर्स्ट बेस आणि लेफ्ट फील्डही खेळलेला आहे. त्याला तिकडे खेळवा, कॅचरचा वाद आपोआप मिटेल.

निळी टोपी:
फर्स्टवर फ्रीमन आहे हो, २०२७ पर्यंत.

सकाळी_पावणेआठ:
लेफ्टला तर जागा आहे ना? आणि मुळात प्रश्न रशिंगचा नाहीच, स्मिथला किती पिळायचं हा आहे. यंदाच्या वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना आठवतोय? इथे पुण्यात पहाटे साडेपाचला सुरू झाला, दुपारी सव्वाबाराला संपला. अठराच्या अठरा इनिंग्ज स्मिथ उकिडवा. अख्ख्या सिरीजमध्ये ७३ इनिंग्ज, विक्रम आहे तो, तेही फ्रॅक्चरमधून उठलेल्या हाताने. सातव्या सामन्यात अकराव्या इनिंगचा होमरन मारला म्हणून सगळं खपलं. मार्चमध्ये एकतिशी लागेल त्याला. रशिंगला कॅचर म्हणून ५५-६० सामने द्या, वर लेफ्टमध्ये थोडे. तो गंजणार नाही, स्मिथ मोडणार नाही.

निळी टोपी:
६० सामने देणार असाल तर माझी तक्रार तिथेच संपते. पण आपला मॅनेजर रॉबर्ट्स देणार का? जूनमध्ये सॅन डिएगोशी एका सामन्याचं अंतर उरलं की लाइनअपमध्ये सलग सहा दिवस कोणाचं नाव दिसतं, तुम्हीही जाणता.

टॉरन्सचा तात्या:
म्हणून म्हणतो, विका.

किलबर्न:
तात्या, लुईव्हिल विद्यापीठातही हाच मुलगा कॅचर हेन्री डेव्हिसच्या मागे दोन वर्षं बसला होता. जागा मिळाल्यावर एकाच हंगामात असा खेळला की आपण त्याला ड्राफ्टच्या (नवोदितांच्या निवडीच्या) दुसऱ्या फेरीत घेतलं. बार्न्स माझा लाडका असला तरी या पोराला विकायच्या विरोधात माझं एक मत धरा.