भाची एकदम ठणठणीत आहे, तरी दर २१ दिवसांनी इंजेक्शन?

कराडची मावशी: भाची ११ वर्षांची. तिचा घसा खूप दुखत होता, ताप पण होता, गुळण्या करून बरा झाला म्हणून सोडून दिलं. दोनतीन आठवड्यांनी गुडघा सुजला, तो उतरला तर घोटा, मग मनगट. डॉक्टर म्हणाले रुमॅटिक फिवर, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तर मायट्रल वाल्वला, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या झडपेला, थोडं लीक. आता पोरगी उड्या मारतेय पण पेनिसिलीनचं इंजेक्शन चालूच ठेवायचं म्हणतात. घरी सगळे म्हणतायत बंद करा. घशाचा आणि हृदयाचा काय संबंध?

स्टेथोवाला: ताई बंद करू नका. घशातला स्ट्रेप्टोकोकस जंतू स्वतः हृदयात जात नाही, पण त्याच्या अंगावरचं प्रोटीन आणि आपल्या वाल्वमधलं प्रोटीन बरंचसं सारखं असतं, त्यामुळे जंतूसाठी तयार झालेली प्रतिकारशक्ती वाल्ववर पण तुटून पडते. सांध्याची सूज मागे काही न ठेवता जाते, वाल्वची वण ठेवून जाते. परत घसा धरला की परत तेच. वाल्वचे पडदे जाड होतात, कडा एकमेकींना चिकटतात. इंजेक्शन लीक बुजवत नाही हो, ते पुढचा अटॅक अडवतं, आणि अटॅक आला नाही तर थोडं लीक काही वर्षांत आपोआप कमी होऊ शकतं, कधीकधी जातंही.

निशिगंधा: मलाही हाच आजार. लहानपणी बरं वाटतंय म्हणून घरच्यांनी सुया थांबवल्या, लग्न होईपर्यंत काहीच त्रास नाही. गरोदरपणात रक्त दीडपट होतं ना, तेव्हा सातव्या महिन्यात झोपलं की दम लागायचा, उशा लावून बसून रात्र काढायची. मायट्रलचं तोंड ४ ते ६ चौरस सेंटीमीटर हवं, माझं १ पण नव्हतं. शर्टाचं काजं दोन्ही टोकांनी शिवत आणल्यावर उरेल तेवढी फट. मांडीच्या शिरेतून बलून नेऊन उघडलं. नंतर ठोके अनियमित झाले, आता वॉरफरिन (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) आणि आयएनआर (त्यासाठीची रक्ततपासणी) कायमचं मागे लागलंय.

पक्याभाऊ: आमच्या पुतण्याला रक्ततपासणीत नुसता एएसओ (स्ट्रेप्टोकोकसविरुद्धची अँटिबॉडी) वाढला म्हणून सुया सुरू केल्यात, गुडघा दुखतो फक्त, सूज नाही.

स्टेथोवाला: पक्याभाऊ, नुसत्या एएसओवर निदान होत नाही, मागे घसा येऊन गेला एवढंच कळतं. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, इको करून घ्या.

कराडची मावशी: बरं मग किती वर्षं? आणि सुईच्या दिवशी पोरगी अख्खं घर डोक्यावर घेते.

स्टेथोवाला: वाल्व खराब राहिला तर शेवटच्या अटॅकनंतर १० वर्षं किंवा वयाच्या ४० पर्यंत, जे उशिरा येईल ते. पूर्ण सुधारला तर लवकर थांबवता येतं, ते इको बघून तुमचे डॉक्टर ठरवतील. औषध घट्ट असतं, सिस्टरना हळू टोचायला सांगा, गार असेल तर आधी रूमच्या तापमानाला येऊ द्या. आणि टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा, क्वचित रिअ‍ॅक्शन येते.

निशिगंधा: दाताचं काही काम निघालं तर डेंटिस्टला पण वाल्वचं आधी सांगा हं.