सव्वा वर्षाच्या पोराला शी-शूला बसवायचं, की डायपरमध्येच राहू द्यायचं?

तापीकाठ : माझं मत आधीच सांगून टाकते, मग काय भांडायचं ते भांडा. पोरगं आधाराशिवाय नीट बसायला लागलं की रोज सकाळी दूध पाजल्यावर त्याला बसवायला लागावं. आपल्याकडे आज्या पाटावर बसून दोन्ही पावलं जुळवतात, त्यावर बाळाला टेकवतात आणि 'शीऽऽ' करत राहतात. वर्षाच्या आत निम्मे लंगोट वाचतात. हल्ली अडीच-तीन वर्षांची पोरं डायपर घालून लग्नात नाचतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४च्या पुढे जातो, त्यात कमरेला ते प्लास्टिक. जांघेत लाल चट्टे उठले की पावडर थापायची. सोय आईबापाची, सोसायचं लेकराने.

चोपड्याची सून : ताई, पायांवर बसवून सवय आजीला लागते, पोराला नाही. पोराचं तोंड बघून ती वेळ ओळखते, एवढंच. लागलेली शी-शू धरून ठेवणं बहुतेक मुलांना दीड-दोन वर्षांच्या पुढेच जमायला लागतं. ब्रेझेल्टन नावाच्या अमेरिकी बालरोगतज्ज्ञाने १९६२ मध्ये ११७० मुलांची माहिती मांडली होती. मुलाची तयारी दिसल्यावरच शिकवायचं, ही त्याची पद्धत. त्यात दिवसाचा ताबा सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांना आला. दोन तास चड्डी कोरडी राहते, लागली की सांगतं, स्वतः चड्डी खाली ओढतं, हे दिसू द्या. मग बसवा.

तापीकाठ : १९६२! तेव्हा तिथेही बहुतेक घरांत कापडीच होते, विकतचे डायपर नुकते कुठे येऊ लागले होते. लंगोट ओला झाला की पोराला कळतं, ते रडतं. आजचा डायपर सगळं शोषून घेतो, मग पोराला कळणार कसं? तुमची 'तयारी' त्या प्लास्टिकमध्येच अडकली आहे.

भुसावळचा बाप : लंगोटाचं कौतुक करणाऱ्यांनी आधी सांगा, ते धुतं कोण? आमच्या गल्लीत नळ आठ-दहा दिवसांनी येतो. पिंप भरून ठेवायचे, त्यातून स्वयंपाक, अंघोळी, भांडी, आणि वर दिवसाला डझनभर लंगोट? आई सांगते 'कापडी वापरा', धुते मात्र बायको. आम्ही दोघंही नोकरीला जातो. मी डायपरवालाच.

शिरपूरकर : भाऊ, पाण्याचं पटलं. पण वापरलेला डायपर जातो कुठे? २०१६च्या घनकचरा नियमांत तो नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यायचा असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात कॅरीबॅगेला गाठ मारून नाल्यात भिरकावतात, मग कुत्री ओढून रस्त्यावर आणतात.

भुसावळचा बाप : आणि लंगोटातली शी गटारीत झटकणारे? 'लेकराची शी, तिला कसली घाण' म्हणतात. जुलाबाचे जंतू तिच्यातही असतात. ती संडासातच टाकली पाहिजे. माझी आईही झटकायची.

अंगणवाडीवाली, नंदुरबार : लवकर की उशिरा, यावर तुम्ही वाद घाला. मला वय एवढं खटकत नाही, दम देणं खटकतं. आमच्याकडे तीन वर्षांचा एक पोरगा यायचा. दाराच्या मागे जाऊन उभा राहायचा, टाचा उचललेल्या, पाय कातरीसारखे आवळलेले, तोंड लालबुंद. आजी म्हणायची, कुंथतोय बिचारा. तो कुंथत नव्हता, आलेली शी दाबत होता. चड्डीत झाली म्हणून आधी फटके बसले होते. दाबलेली शी आत कडक होते, करताना दुखतं, दुखलं की पोरगं पुन्हा दाबतं. त्यात घरी भाकरी-भाजीला हात नाही आणि दुधाच्या बाटल्यावर बाटल्या. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत आणा म्हटलं, तर आजी म्हणे, 'तेले धाक नही तं शिकी कसा?' मुलाला आपल्या संडासाच्या भोकाचीही भीती वाटते, आत पडू असं वाटतं. बाजारात प्लास्टिकचं भांडं मिळतं. पाय जमिनीला टेकतील असं घ्या, अंगणात ठेवा.

चोपड्याची सून : हेच म्हणत होते मी. लवकर सुरू केलं की घरच्यांची घाई वाढते, आणि घाई झाली की हात उठतो.

तापीकाठ : हात उठतो तो उठवणाऱ्यामुळे, लवकर बसवल्यामुळे नाही. माझ्या आजीने पाच पोरं पायांवर बसवली, एकाला टपली मारली नाही. दहा मिनिटांत झाली नाही तर उठवायची, गेलं खेळायला. तीन वर्षांच्या पोरालाही फटके बसलेच की!

भुसावळचा बाप : आणि रात्रीचं काय करता? आमचा चार वर्षांचा आहे, दिवसा सगळं सांगतो, रात्री गादी ओली.

अंगणवाडीवाली, नंदुरबार : पाच वर्षांपर्यंत काळजीचं कारण नाही, भाऊ. झोपेतला ताबा वेगळा असतो, तो शिकवून येत नाही. झोपायच्या आधी शूला न्या. सकाळी शेजाऱ्यांसमोर गादीचा विषय काढू नका.

तापीकाठ : रात्रीचं मी बोललेच नाही. रात्री खुशाल डायपर घाला, गोधड्या मलाही धुवायच्या नाहीत. दिवसाचं बोला.